निफाडची थंडी रात्रभर सेन्सरने कशी मोजायची

थंडीत निफाडचा पारा किती उतरला ते आपण सकाळी पेपरात वाचतो, पण तो आकडा शाळेतल्या मुलांनी स्वतः काढला पाहिजे असं मला फार वाटतं. सगळ्यात कमी तापमान साधारण सूर्योदयाच्या आसपास येतं आणि त्या वेळी थर्मामीटर घेऊन मळ्यात उभं राहणं काही जमत नाही, म्हणून लॉगर, म्हणजे ठराविक वेळाने आपोआप तापमान नोंदवणारं यंत्र.

सामान फार नाही. आर्डुइनो उनो (प्रोग्राम टाकून चालवायचा छोटा सर्किट बोर्ड), नोंदी साठवायला एसडी कार्ड मॉड्यूल, वेळेसाठी डीएस३२३१ घड्याळ आणि तापमान मोजणारे डीएस१८बी२० चे दोन वॉटरप्रूफ सेन्सर. डीएचटी११ हा दुसरा सेन्सर स्वस्त मिळतो पण त्यात २ डिग्रीचा फरक पडू शकतो, या कामाला तो नको. दोन्ही सेन्सर एकाच पिनवर चालतात कारण प्रत्येकाचा पत्ता वेगळा असतो, फक्त डेटा वायर आणि ५ व्होल्टच्या मधे ४.७ किलोओहमचा रेझिस्टर विसरू नका. रीडिंग उणे १२७ आलं तर वायर सुटलीय, आणि चालू केल्याबरोबर ८५ दिसलं तर ते तापमान नाहीच, टाकून द्या.

आता खरं काम, आणि इथेच लोक घाई करतात. दोन्ही सेन्सर एकत्र बर्फाच्या चुऱ्यात ठेवा, थोडंच पाणी घाला, ढवळत राहा. ० यायला पाहिजे. एक ०.३ दाखवतो, दुसरा उणे ०.२, असं होतंच, कंपनीच ०.५ डिग्री इकडेतिकडे सांगते. पण तुम्हाला मळ्यात जमिनीलगतच्या आणि वरच्या हवेतला जो फरक शोधायचाय तोच एखाद्या डिग्रीचा असेल तर हा अर्धा डिग्री सगळा निकाल फिरवेल, म्हणून प्रत्येकाची चूक वहीत लिहा आणि नंतर वजा करा. उकळत्या पाण्यातही तपासायचं असेल तर फक्त स्टीलचं टोक थोडा वेळ बुडवा, आणि १०० ची वाट बघू नका, नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या जवळपास उंच आहे त्यामुळे इथे पाणी साधारण ९८ लाच उकळतं.

मग एक सेन्सर जमिनीपासून वीतभर वर बांधा, दुसरा द्राक्षाच्या मांडवाच्या उंचीवर. दोघांवर पांढऱ्या प्लास्टिकच्या ताटल्यांचं छप्पर करा, मधून हवा खेळती राहिली पाहिजे, नाहीतर सकाळचं ऊन पडलं की सेन्सर हवेचं नाही, स्वतःचंच तापमान सांगतो. दर मिनिटाला एक नोंद भरपूर झाली, १२ तासांच्या ७२० ओळी होतात. पॉवरबँक शक्यतो टाळा, करंट कमी ओढला जातो म्हणून बऱ्याच पॉवरबँक आपोआप बंद पडतात, जुना मोबाईल चार्जर आणि लांब वायर बरी.

सकाळी कार्डावरची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले आकडे असलेली साधी फाइल) एक्सेलमधे उघडून वेळ आणि तापमानाचा स्कॅटर ग्राफ काढा. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर खालच्या सेन्सरची रेघ वरच्या सेन्सरच्या रेघेखाली जाते, कारण जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकते आणि गार जड हवा तळाशीच बसते. ढगाळ रात्री हा फरक कमी होतो, तेव्हा फाइलच्या नावात तारखेबरोबर ढग आणि वारा कसा होता तेही टाका.