चाचणी नव्हे, चाळणी : शाळेत मुलांच्या मनाची तपासणी करताना या चुका टाळा

शनिवारची सकाळची शाळा, शेवटचा तास, नववीचा वर्ग. एका बाकावर दोघं-दोघं आणि प्रत्येकाच्या हातात नऊ प्रश्नांचा फॉर्म. "खरं लिहा, कुणी बघणार नाही," असं मी सांगितलं आणि फॉर्म गोळा करायला वर्गप्रतिनिधीला उठवलं. म्हणजे पहिला बघणारा तोच! एक मुलगी कंपासपेटी आडवी धरून लिहीत होती, तेव्हाच मला कळायला हवं होतं. गठ्ठा कपाटात गेला, शाळा सुटली. सोमवारी बेरजा करताना तिच्या नवव्या प्रश्नासमोर 'जवळजवळ रोज'वर खूण दिसली. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांचा असतो. अख्खा रविवार तो कागद कपाटात पडून होता. सोमवारी ती शाळेत आली होती, हे आमचं नशीब. तिचं पुढचं इथे लिहीत नाही, ते तिचं आहे.

सांगलीत आम्ही केलेली ही चूक सगळ्यात मोठी, म्हणून आधी तीच. पीएचक्यू-९ (नैराश्याची चाळणी करणारा हाच नऊ प्रश्नांचा फॉर्म) वापरत असाल तर बेरीज नंतर करा, नववा प्रश्न फॉर्म हातात आल्या आल्या बघा. तिथे शून्य ('अजिबात नाही') सोडून काहीही असेल तर त्या मुलाशी त्याच दिवशी, एकट्याने, घाई न करता बोला. म्हणूनच तपासणी शनिवारी नको, सुट्टीच्या आदल्या दिवशी नको, शेवटच्या तासाला तर नकोच. मंगळवारी पहिला तास घ्या, बाकावर एकेकटं बसवा, फॉर्म शिक्षकांनीच गोळा करावेत.

"थेट विचारलं तर पोराच्या डोक्यात नको ते यायचं," असं आमच्या स्टाफरूममध्येही म्हणत होते. तसं होत नाही. "जीव द्यावा असं कधी वाटतं का?" हे शांतपणे विचारल्याने विचार पेरला जात नाही. उलट बऱ्याच मुलांना कुणीतरी विचारलं याचंच हलकं वाटतं. 'हो' आलं तर मूल एकटं सोडू नका, पालकांना बोलावून घ्या. जीव कसा द्यायचा हेही त्याने ठरवलेलं असेल तर थेट सिव्हिल गाठा.

तो प्रसंग येण्याआधी पुढची वाट ठरलेली हवी. आधी फॉर्म, मग "आता पाठवायचं कुठं?" हा उलटा कारभार फार चालतो. सांगली-मिरजेत सिव्हिल आणि मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकार विभाग आहे. बाह्यरुग्ण तपासणीचे वार आधीच विचारून ठेवा, नाहीतर जतहून एसटीने आलेली आई केसपेपर न काढताच परत जाते. टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन २०२२ पासून आहे. १४४१६ हा नंबर मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक पात्र समुपदेशक नेमायला सांगितलं आहे. पण 'ज्यांचे तास कमी, ते समुपदेशक' हा आपला जुना खाक्या अजून गेलेला नाही.

गुण म्हणजे रोग नव्हे

पीएचक्यू-९ ला २७ पैकी १० किंवा जास्त आले म्हणजे नैराश्य झालं असं नाही, बोलून बघायला हवं एवढंच. ही चाळणी आहे. मूल सतत थकलेलं, अभ्यासात लक्ष नाही, तर आधी हिमोग्लोबिन बघा, वहीत मान घालून लिहित असेल तर डोळे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा त्यांच्यापुढे अशी मुलं मुद्दाम ठेवा.

सगळ्यांची बेरीज शून्य आली तर खूश होऊ नका. मुलांनी शेजाऱ्याचं बघून खुणा केल्यात किंवा प्रश्नच कळलेले नाहीत. 'उदास', 'निरुत्साही' हे पुस्तकी शब्द. आमची पोरं म्हणतात "कसंतरी होतंय", "करमत नाही", "पोटात गोळा येतोय". दर सोमवारी पोट दुखणारं मूल फॉर्मवर शून्यच लिहितं.

उलट अख्ख्या वर्गाचे गुण चढले तर तारीख बघा. हा फॉर्म मागच्या दोन आठवड्यांचं विचारतो. तोंडावर सहामाही असेल तर ती त्यात उतरणारच. आणि सांगलीत जुलै-ऑगस्ट! २०१९ चा महापूर बघितलेली मुलं पाऊस लागला की आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी विचारत बसतात. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, हे त्यांना पाढ्यासारखं पाठ असतं. त्या दिवसांत तपासणी न करता नुसतं बोलू द्यावं.

गडबड करणारी मुलं आपोआप नजरेत येतात. राहतात ती गप्प बसणारी. विटा-आटपाडीकडे वडील गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यामुळे परराज्यात आणि मूल आजीजवळ, असं घरोघरी दिसतं. ते मूल शहाण्यासारखं वागतं, म्हणून आपण निर्धास्त.

"कुणाला सांगणार नाही"

हे वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुझ्यावर अत्याचार करत असेल तर मला सांगावं लागेल, बाकीचं आपल्यात राहील," असं सुरुवातीलाच सांगा.

घरी फोन करताना 'मानसिक' हा शब्द पहिल्या वाक्यात नको. "आमच्या पोराला याड लागलंय म्हणता का?" हे मी ऐकलेलं आहे. "महिनाभर डबा तसाच परत येतोय, घरी जेवतो का?" असं विचारलं की आई स्वतःच बोलायला लागते. देवऋष्याकडे नेतो म्हणाले तर वाद घालू नका. "ते तुमचं तुम्ही बघा, पण गुरुवारी मिरजेला माझ्याबरोबर या."

नोंदीचं म्हणाल तर मुख्याध्यापकांच्या कुलपातली एक वही पुरते. नाव नाही, फक्त क्रमांक आणि पुन्हा बोलायची तारीख. ती तारीख पंधरा दिवसांच्या पुढे जाऊ द्यायची नाही.