नीलचा एक दिवस: ओहोटी बघून भरायची पिशवी

अंदमानात हॅवलॉक बेटाहून नील बेटावर जायच्या आदल्या रात्री पहिलं काम बॅग भरायचं नाही, भरती-ओहोटीच्या वेळा बघायचं. नीलवर लक्ष्मणपूर किनाऱ्याच्या बाजूला खडकाची एक नैसर्गिक कमान आहे. बेटावर बंगाली वस्ती मोठी, त्यामुळे कमानीचं तिथलं नाव ‘हावडा ब्रिज’. तिच्यापर्यंत ओहोटीलाच चालत जाता येतं. नीलवरच्याच भरतपूर किनाऱ्यावरच्या काचेच्या तळाच्या होड्यांचं उलटं, त्यांना पाणी भरपूर लागतं. आम्ही दोघं हे न बघता सकाळी थेट कमानीकडे गेलो आणि पाण्याकडे बघून परत आलो. भरतपूरला पोचेपर्यंत तिथलं पाणी उतरलेलं. दिवसाचा क्रम ओहोटीनेच ठरवायचा, हॉटेलवाल्याच्या छापील सहलपत्रकाने नाही. कोकणातल्या घरांत तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, पण ते गणित आपल्या किनाऱ्याचं. इथे पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, पाणी फार मागे हटतं. तारखा हातात असतील तर कमान बघायला तेच दिवस धरा.

दुसरं घड्याळ सूर्याचं. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आणि अंदमान त्याच्या दहा अंश पूर्वेला, म्हणजे सगळं चाळीस मिनिटं आधी. मुंबईच्या सवयीने ‘चहा घेऊन निघू’ म्हणालात तर लक्ष्मणपूरचा सूर्यास्त चहातच बुडेल. साडेचारला तिथे वाळूवर बसलेलं असावं.

बोटीसाठी तिकिटाची छापील प्रत आणि दोघांचीही मूळ ओळखपत्रं एकाच पाकिटात ठेवा. तिकिटावर नील शोधत बसू नका. 2018 पासून ते शहीद द्वीप आहे, हॅवलॉक स्वराज द्वीप, आणि 2024 पासून पोर्ट ब्लेअर श्री विजयपुरम. जुनी नावं अजून सगळ्यांच्या तोंडात आहेत, त्यामुळे दोन्ही माहीत हवीत. बोट लागत असेल तर आल्याच्या वड्या घ्या. डॉक्टरांनी दिलेली गोळी असेल तर ती बोटीत बसायच्या अर्धा तास आधी, उलटी सुरू झाल्यावर नाही. या गोळ्यांनी बऱ्याचदा झोप येते, म्हणून उतरल्यावर स्कूटर दुसऱ्याने चालवायची. अर्थात लायसन्स दोघांचंही बरोबर पाहिजे.

पायांची गोष्ट मात्र गंभीर आहे. कमानीची वाट मेलेल्या प्रवाळांच्या खडकातून जाते, धारदार आणि शेवाळाने निसरडी. साधी चप्पल पहिल्या दहा पावलांत दगा देते. मागे पट्टा असलेल्या सँडल किंवा जुने बूट घ्या, भिजले तरी चालतील असे. डबक्यांत जिवंत पोवळी असतात, त्यात पाय टाकायचा नाही. शंख-शिंपले किंवा पोवळ्याचा तुकडा आठवण म्हणून उचलायचा तर मुळीच नाही. पोवळ्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि परतीला विमानतळावर बॅग तपासली जाते.

कपड्यांत टॉवेलऐवजी पंचा. तासाभरात वाळतो आणि उन्हात डोक्यावरही घेता येतो. पूर्ण बाह्यांचा एकेक सुती शर्ट, कारण सनस्क्रीन समुद्रात दोनदा उतरलं की धुऊन जातं. कोरडा एकच जोड पुरे. ओल्यांसाठी घरातली एखादी जाड पिशवी, आणि मोबाइल-पाकिटासाठी पाणी न शिरणारी वेगळी. रोख हॅवलॉकलाच काढून ठेवा, नीलवर नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. नकाशा आदल्या रात्री मोबाइलमध्ये उतरवून घ्या; खरं तर बेट इतकं छोटं आहे की चुकून चुकून किती चुकाल.

खाण्याची तयारी लागत नाही. बाजारात मासे-भात मिळतो, आणि भाज्या याच बेटावर पिकतात, तेव्हा शाकाहाऱ्यांनी थेपल्यांचा डोंगर न्यायचं कारण नाही. शहाळी वाटेवर आहेतच. पिण्याच्या पाण्याची बाटली मात्र दोघांच्या दोन.

पिशवी एकच करा आणि ती कुणाच्या पाठीवर हे जेट्टीवर नाही, खोलीतच ठरवा. रात्री नीलवरच मुक्काम असेल तर दुसऱ्या दिवशी सीतापूर किनाऱ्यावरचा सूर्योदय आहे: गजर पावणेपाचचा, स्कूटरमध्ये पेट्रोल आदल्या संध्याकाळीच. आणि गजर बंद करून परत झोपणारं माणूस दोघांपैकी कोण, हे तुम्हाला माहीत आहेच. मोबाइल दुसऱ्याच्या उशाशी.