गावच्या वाचनालयात जॉन प्राइन: दीड तासाचे श्रवणसत्र कसे बसवावे

जॉन प्राइनची गाणी मराठी श्रोत्यांपर्यंत पोचवणे अवघड नाही, पण त्याला एक अट आहे: शब्द आधी कळले पाहिजेत. या अमेरिकन गीतकार-गायकाच्या चाली साध्या, बहुतेक तीन-चार कॉर्डच्या. ताना नाहीत, वाद्ये मोजकी, आवाज थोडा नाकातला. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या या मुलखात कान आपोआप सुरांची करामत शोधतो. ती इथे मिळणार नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकावे. लिहिणारा, चाल लावणारा आणि गाणारा एकच माणूस असतो आणि सगळा भार शब्दांवर असतो.

म्हणून तीन नियम धरावेत. प्रत्येक गाण्याआधी दोन-तीन मिनिटे मराठीत आशय सांगायचा. गाणे चालू असताना निवेदकानेही बोलायचे नाही. आणि दीड तासात सातपेक्षा जास्त गाणी घ्यायची नाहीत. सात गाण्यांची साधारण अठ्ठावीस मिनिटे होतात, बाकी वेळ निवेदन, चहा आणि गप्पांना. आठवे गाणे घुसवले की गप्पा कापल्या जातात, आणि खरी मजा तिथेच असते.

कडोली, उचगाव, येळ्ळूर इथे साहित्य संमेलने भरतात. श्रोते कसे जमवायचे हे तिथल्या मंडळांना सांगायला नको. सांगायचे ते जागेबद्दल आणि आवाजाबद्दल. खानापूर भागात जून ते सप्टेंबर सत्र ठेवूच नका. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की एक शब्द ऐकू येत नाही. डिसेंबर-जानेवारी उत्तम. निपाणी-चिकोडीकडे तेव्हा ऊसतोडणी चालू असते, तिकडे रात्री आठनंतरची वेळ धरा. चाळीस-पन्नास माणसांची खोली पुरे. भिंती उघड्या असतील तर आवाज घुमतो, म्हणून खाली जाजम अंथरा आणि मागच्या भिंतीला जाड चादरी टांगा. पंखे बंद ठेवता येतील असा गारवा असेल तर फारच चांगले.

आवाजाची जोडणी

जत्रेतली बेसची खोकी नकोत आणि भोंगेही नकोत. दोन साधे स्पीकर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या किंचित वर, आतल्या बाजूला वळवलेले. बेस थोडा कमी करा. प्राइनचा आवाज मधल्या पट्टीत आहे आणि बेस वाढला की तो झाकला जातो. आवाज किती मोठा ठेवायचा ते शेवटच्या रांगेत बसून ठरवा: समोर बसून कोणी बोलतोय इतकाच.

सगळ्यात घातक चूक केबलची होते. मोबाइल किंवा लॅपटॉपची स्टिरिओ पिन मिक्सरच्या माइकच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये घातली, की ते इनपुट डाव्या-उजव्या बाजूंची वजाबाकी करते. दोन्ही बाजूंना सारखे असलेले सगळे गायब होते, आणि गायकाचा आवाज नेमका मध्यभागी, म्हणजे दोन्हीकडे सारखा असतो. वाद्ये वाजतात, गाणारा नाहीसा होतो. माइकवाला म्हणतो रेकॉर्डिंगच खराब आहे. उपाय सोपा: एका टोकाला ३.५ मिलिमीटरची पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन वेगळ्या पिना असलेली केबल घ्या आणि त्या दोन लाइन चॅनेलमध्ये घाला. लॅपटॉपचा चार्जर लावल्यावर घरघर येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. स्वस्त इन्व्हर्टरवर मिक्सर चालवला तरी गुणगुण येते, तेव्हा वीज गेल्यावर काय ऐकू येते ते आदल्या दिवशी मेन स्विच बंद करून तपासा. गाणी आधी उतरवून ठेवा आणि फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर मधेच जाहिरात वाजते.

परवानगीचे

नफ्यासाठी न चालणाऱ्या मंडळाने आपल्या उपक्रमाचा भाग म्हणून ध्वनिमुद्रण ऐकवले, तर त्याला कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये सूट आहे. म्हणून तिकीट लावू नका. गाण्याचे बोल किंवा त्यांचा पूर्ण अनुवाद छापून वाटू नका. आशय आपल्या शब्दांत सांगा. तसेही हातात कागद असला की माणूस वाचत बसतो, ऐकत नाही.

चरित्र किती सांगायचे

पाच मिनिटे, त्याहून जास्त नाही. जन्म १० ऑक्टोबर १९४६, शिकागोजवळच्या मेवूडचा. आईवडील मूळचे केंटकी राज्यातले. गिटार थोरल्या भावाकडून शिकला. व्हिएतनाम युद्धाच्या काळात लष्करात होता, पण नेमणूक पश्चिम जर्मनीत होती. परत येऊन पोस्टमन झाला आणि टपाल वाटता वाटता गाणी रचली. १९७० मध्ये चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्टने त्याचे गाणे ऐकून शिकागोच्या दैनिकात लिहिले. नंतर गीतकार-गायक क्रिस क्रिस्टॉफरसनने त्याला पुढे आणले आणि १९७१ मध्ये अटलांटिक कंपनीने पहिली तबकडी काढली. पुरस्कारांची यादी वाचू नका. मात्र एक गोष्ट जरूर सांगा: मोठ्या कंपन्या सोडून त्याने १९८१ मध्ये सहकाऱ्यांसह 'ओह बॉय रेकॉर्ड्स' ही स्वतःची कंपनी काढली, आणि पुढच्या तबकडीचा खर्च चाहत्यांनी आगाऊ पैसे पाठवून उचलला. १९९१ च्या 'द मिसिंग इयर्स'ला ग्रॅमी मिळाले ते या छोट्या कंपनीतूनच.

गाण्यांचा क्रम

पहिले 'पॅराडाइज'. केंटकीतल्या मुहलेनबर्ग परगण्यातले, आईवडिलांच्या मूळ मुलखातले गाव कोळशाच्या खाणीपायी कसे गेले, हा विषय. मुलगा वडिलांना म्हणतो मला तिकडे घेऊन चला, आणि वडील म्हणतात उशीर झाला. हुक्केरी तालुक्यात हे फार समजावून सांगावे लागणार नाही. हिडकल धरणात कोणाची जमीन गेली हे लोकांना ठाऊक असते.

दुसरे 'हॅलो इन देअर', १९७१ चे. म्हातारा-म्हातारी, मुले लांब पांगलेली, एक मुलगा कोरियाच्या युद्धात गेलेला, घरात बोलायला काही उरलेले नाही. लहानपणी प्राइन एका वृद्धाश्रमात वर्तमानपत्रे टाकायचा, तिथून हे आले. लिहिताना तो विशी-पंचविशीतला होता, एवढे सांगा आणि थांबा. ज्यांची मुले पुण्या-मुंबईला आहेत ते श्रोते समोर बसलेले असतात. त्यांच्या वतीने तुम्ही हळवे होऊ नका.

तिसरे 'सॅम स्टोन', आणि इथे जपायला हवे. युद्धातून जखमी होऊन परतलेला सैनिक दुखण्यासाठी मॉर्फिन घेऊ लागतो, व्यसन लागते, संसार उद्ध्वस्त होतो आणि शेवटी तो त्यातच मरतो. ध्रुवपद त्याच्या मुलाच्या नजरेतून आहे. बेळगाव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र. आजूबाजूच्या गावांत लष्करात माणूस असलेली घरे पुष्कळ. गावातल्या एक-दोन माजी सैनिकांना आधी भेटून गाण्याचा विषय सांगा आणि त्यांचे मत घ्या. शेवट काय आहे हे श्रोत्यांनाही आधीच सांगा; ऐकताना धक्का देऊ नका. गावात नुकतेच कोणी गेले असेल तर हे गाणे सरळ वगळा. वाजवले तर मात्र त्यानंतर मिनिटभर काहीच करू नका, मगच चहा.

चहानंतर 'एंजल फ्रॉम मॉन्टगोमेरी'. संसाराला कंटाळलेल्या प्रौढ बाईच्या तोंडचे गाणे, लिहिणारा तरुण पुरुष. आपल्याकडे विराण्या-गौळणींची परंपरा असल्याने श्रोत्यांना यात खटकत काही नाही. गायिका बॉनी रेटने १९७४ मध्ये गायलेले रूप पाचवे म्हणून लगेच लावा. बाईचा गळा मिळाल्यावर तेच शब्द कसे बदलतात यावर हमखास वाद रंगतो, तो रंगू द्या.

सहावे परत 'हॅलो इन देअर', पण २००० सालच्या 'सुव्हेनिर्स' तबकडीतले. सत्राचा कणा हाच आहे. १९९८ मध्ये प्राइनला मानेचा कॅन्सर झाला. शस्त्रक्रिया आणि रेडिएशननंतर आवाज खाली उतरला, खरखरीत झाला. मग त्याने आपली जुनी गाणी नव्या आवाजात परत ध्वनिमुद्रित केली. तरुणपणी कल्पनेने गायलेले म्हातारपण पन्नाशी ओलांडल्यावर गाताना कुठे थांबतो, कुठली ओळ घाईने उरकतो, हे कान देऊन ऐकण्याजोगे आहे. आशय पुन्हा सांगू नका. फक्त साल आणि आजाराची माहिती द्या.

सातवे 'समर्स एंड', २०१८ चे, वय एकाहत्तर. हे संपल्यावर सांगा की ७ एप्रिल २०२० रोजी कोविडने तो गेला. 'इन स्पाइट ऑफ अवरसेल्व्हज' हे गायिका आयरिस डिमेंटसोबतचे युगुलगीत घ्या असा आग्रह होईल. गाणे झकास आहे, पण त्यात चावट ओळी आहेत, घरातली सगळी एकत्र बसलेली असताना अर्थ सांगणे कठीण.

आशय लिहिताना

ओळीला ओळ लावू नका. गाण्यात कोण बोलतोय, कोणाशी, आणि शेवटी काय होते, एवढे ठरवा आणि आठ-दहा वाक्यांत लिहून मोठ्याने वाचा. 'ओमाहा'सारख्या गावांची नावे तशीच ठेवा, त्यांच्या जागी सांगली-मिरज घालू नका. श्रोत्यांत कन्नड बोलणारे शेजारी असतील तर दोन वाक्ये कन्नडमध्येही सांगायला कोणीतरी ठेवा. सीमाभागात असा माणूस प्रत्येक गल्लीत असतो.

गावातल्या पोरांना शेवटी काही गाऊन दाखवायचे असेल तर 'पॅराडाइज' घ्या. डी, जी आणि ए, तीनच कॉर्ड. लय तीन मात्रांची असल्याने दादऱ्याचा ठेका बरोबर बसतो. गाणाऱ्याला पट्टी उंच पडली तर कॉर्ड न बदलता गिटारच्या सगळ्या तारा सारख्याच दोन स्वर उतरवा. खाली पडत असेल तर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून पट्टी चढवणारी पकड, लावा. तबलजीला सांगा, लग्गी नको. ध्रुवपदाच्या शेवटच्या ओळीला ठेका थांबवा, कारण गाव कोळशाच्या गाडीने नेले हे त्याच ओळीत येते आणि ते शब्द मोकळे ऐकू आले पाहिजेत.