सेतुमाधवराव पगडींचे मोगलकालीन ग्रंथ कसे वाचावेत

सेतुमाधवराव पगडी (१९१०–१९९४) यांनी मोगल दरबाराची फार्सी साधने मराठीत आणली नसती, तर औरंगजेबाच्या छावणीत मराठ्यांविषयी काय बोलले जात होते, हे आपल्यासारख्या फार्सी न येणाऱ्यांना कधी कळलेच नसते. हे ऋण मोठे आहे, आणि ते ग्रंथ नीट वाचल्यानेच फिटेल.

आरंभ ‘जीवनसेतू’ या आत्मचरित्राने करावा. निलंग्यात जन्मलेला, निजामाच्या मुलकी सेवेत वावरलेला आणि गोंडी भाषा शिकून तिचे व्याकरण लिहिणारा हा अधिकारी भाषांकडे कसा पाहत होता, हे त्यातून उमगते. त्यानंतर ‘मोगल आणि मराठे’ घ्यावे. त्याचा मूळ लेखक भीमसेन सक्सेना हा बऱ्हाणपूरचा कायस्थ, दलपतराव बुंदेला या मोगल सरदाराच्या पदरी राहून दक्षिणेतल्या मोहिमा जवळून पाहिलेला. किल्ले घ्यायचे आणि ते पुन्हा मराठ्यांकडे जायचे, या फेऱ्याचा वैताग त्याच्या लिखाणात उतरला आहे. साकी मुस्तैदखानाच्या ग्रंथाचा अनुवाद, ‘मराठे व औरंगजेब’, मात्र सरकारी कागदांच्या आधारे लिहिलेला दरबारी इतिहास आहे, हे विसरू नये. मराठ्यांविषयी त्यात येणारे अपशब्द गाळून वाचू नयेत. कोणत्या पराभवानंतर ते वाढतात, याची नोंद ठेवावी.

एक प्रसंग निवडून तो सर्व ग्रंथांत शोधावा, ही माझ्या अनुभवातली सर्वांत उपयोगी पद्धत. उदाहरणार्थ, साताऱ्याचा वेढा: डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेब स्वतः किल्ल्याखाली येऊन बसला आणि एप्रिल १७०० मध्ये उडवलेल्या सुरुंगांपैकी दुसऱ्याने तट आत न कोसळता बाहेर, चढाईच्या तयारीत असलेल्या मोगल सैन्यावरच कोसळला. वहीत चार रकाने आखावेत: सांगणारा कोण, तो तेथे होता का, त्याने किती माणसे गेल्याचे लिहिले, आणि दोष कोणाला दिला. खाफीखान या फार्सी इतिहासकाराने आपला इतिहास काही दशकांनी पूर्ण केला, म्हणून त्याचा रकाना वेगळ्या शाईने भरावा.

तारखांत घाई करू नये. हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे फार्सीतली ‘शुक्रवारची रात्र’ ही आपली गुरुवारची रात्र असते. शिवाय सतराव्या शतकातली जुनी (ज्युलियन) आणि नवी (ग्रेगोरियन) इंग्रजी तारीख यांत दहा दिवसांचे अंतर पडते. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या गणनेची, नव्या गणनेने ती १६ जून येते.

‘मोगल दरबारची बातमीपत्रे’ शेवटी वाचावीत. त्यांत कोणाला खिलत (मानाचा पोशाख) मिळाली, कोणाची मनसब (दरबारी दर्जा) वाढली अशा नोंदींची गर्दी असते आणि मधूनच एखाद्या ओळीत मराठ्यांची हालचाल दिसून जाते. ती निसटू नये म्हणून किल्ल्यांच्या मोगली नावांची यादी जवळ ठेवावी: सातारा म्हणजे आझमतारा, सिंहगड म्हणजे बक्षिंदाबक्ष.

जमल्यास तीच वही घेऊन अजिंक्यताऱ्यावर, म्हणजे साताऱ्याच्या त्याच किल्ल्यावर, जावे, मंगळाई बुरुजाशी उभे राहावे आणि खालच्या उताराकडे पाहून मृतांच्या आकड्यांचा रकाना पुन्हा तपासावा.