कॅलिफोर्नियात नोकरीच्या केससाठी जज बदलून मागताना

आई साताऱ्याहून फोनवर म्हणाली, "जज बदलून मागायचा? ती काय मेथीची जुडी आहे?" इथल्या राज्य कोर्टात तसं चालतं खरं, पण एकदाच.

कंपनीने काढल्यावर मी सॅन होजेच्या सुपीरियर कोर्टात दावा लावला. केस शेवटपर्यंत एकाच जजकडे राहणार अशी नोटीस आली आणि तिथून जज बदलून मागायचे 15 दिवस सुरू झाले. फ्रिजवरच्या कालनिर्णयात शेवटच्या तारखेला लाल गोल केला. तुम्हीही करा. 'पहिल्या हिअरिंगला बघू जज कसा आहे' म्हणत बसलात तर मुदत गेली.

या दिवसांत कॅलिफोर्नियाच्या दिवाणी प्रक्रिया कायद्यातल्या कलम 170.6 खाली शपथपत्र द्यायचं: हा जज माझ्याबाबत पूर्वग्रहदूषित आहे असं मला वाटतं. बस्स. कारण नको, पुरावा नको. मुदतीत आणि नीट भरलेलं असलं की जजला नाही म्हणता येत नाही. पण एका बाजूला एकच संधी, आणि नवा जज कोण ते तुमच्या हातात नाही. आगीतून फुफाट्यात जायची तयारी हवी.

आमचा जज पूर्वी कंपन्यांच्या बाजूने लढणारा वकील होता. मी घाबरून शपथपत्र द्यायला निघालेच होते. माझ्या वकीलबाईंनी चार-पाच वकिलांना फोन करून एकच विचारलं: हे जज नोकरीच्या केसेस ज्युरीपर्यंत, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या पंचमंडळापर्यंत, जाऊ देतात का? देतात, असं कळलं. आम्ही जज ठेवला.

पुढे कंपनीचे ईमेल मागवायचा माझा अर्ज याच जजनी फेटाळला. मी रागाने म्हटलं, आता बदला! बाई म्हणाल्या, विरुद्ध निकाल हे कारणच नाही. मुदतीनंतर कलम 170.1 उरतं, आणि तिथे ठोस कारण लागतं: जवळचं नातं, याच केसमध्ये पूर्वी वकिली, किंवा कंपनीत 1,500 डॉलरहून जास्त किमतीचे शेअर्स. कळल्याबरोबर तपशीलवार शपथेवर लिहून कोर्टात द्यायचं आणि जजपर्यंत पोचवायचं. त्यांनी 10 दिवसांत उत्तर दिलं नाही तर बाजूला व्हायला संमती धरतात. आरोप नाकारले तर दुसरा जज ठरवतो. तोही नाही म्हणाला तर अपील नाही, वरच्या कोर्टात रिट, तेही लेखी नोटिशीपासून 10 दिवसांत.

कंपनीने केस फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात नेली तर 170.6 विसरा. तिथे कारण द्यावंच लागतं, आणि बहुतेकदा त्याच जजपुढे.