इंदुरातला दोस्तांचा कट्टा: मन मोकळं करायची रीत

चार ते सहा जण पुरे. आठ झाले की दोन टोळकी पडतात आणि मग कुणाचं कुणीच ऐकत नाही.

जागा विषय बघून ठरवा. गमती-जमती, छोटे आनंद सराफ्यात चालतात. सोन्याची दुकानं मिटल्यावर खाण्याच्या गाड्या लागतात, तेव्हा भुट्ट्याचा कीस खात हसायला मजा येते. दुखरी गोष्ट मात्र तिथे काढू नका. गर्दीत आवाज चढवावा लागतो, आणि ओरडून दुःख सांगता येत नाही. त्यासाठी पिपलियापाला तलावाचा काठ बरा, किंवा कुणाच्या घरची गच्ची. रविवारी सकाळी पोहे-जिलबी आणा, पोह्यांवर जिरावण मसाला आणि शेव भुरभुरा, नि बसा.

सुरुवात हलक्या गोष्टीने: आठवड्यातलं एक आश्चर्य, प्रत्येकी दोन-तीन मिनिटं. जड विषय नंतर, आणि त्याला घड्याळ लावू नका.

बिघडतं ते बहुधा ऐकणाऱ्यामुळे. "माझंही अगदी असंच झालं होतं" म्हटलं की बोलणारा गप्प होतो, कारण गोष्ट त्याच्या हातून निसटते. सल्ल्याचंही तेच. आधी विचारा: "नुसतं ऐकू, की काही सुचवू?" रडू आलं तर पाणी पुढे करा, विनोद नको. फोन पालथे ठेवा. ऐकलेलं ग्रुपवर टाकायचं नाही, घरी बायकोलाही नाही. (हा नियम सगळ्यात आधी मोडतो.)

तीन-चार दिवसांनी, ज्याने मन मोकळं केलं त्याला एकट्याला फोन करून विचारा, "त्याचं पुढे काय झालं रे?"