घरातलं मोडी दफ्तर गटाने कसं वाचावं

जुन्या पाटील-कुलकर्ण्यांच्या घरी माळ्यावर मोडी कागदांचं बोचकं अजूनही निघतं. मोडी येणारा एकटा माणूस त्यातली अक्षरं लावेल, पण कागद पुरता उलगडायला गटच लागतो. एक मोडी वाचणारा, एक जुनी मराठी जाणणारा, एक इतिहास आणि महसूलपद्धत शिकलेला आणि त्याच शिवारात आयुष्य गेलेली दोन-तीन वडीलधारी माणसं, असे पाच-सहा जण पुरेत. गावची माणसं पहिल्या बैठकीपासून हवीत. सगळं वाचून झाल्यावर त्यांना नुसतं दाखवायला बोलावलं, तर ती मान डोलावून निघून जातात.

आधी घरच्यांची लेखी परवानगी घ्या. कागद जमिनीचे असतात आणि भाऊबंदकीचे वाद अजून जिवंत असू शकतात. काय जाहीर करायचं आणि काय नाही, ते घरच्यांनीच ठरवावं.

बोचकं सोडण्यापूर्वी त्याचा फोटो काढा. कागद ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने पाकिटांवर पेन्सिलीने नंबर घाला, कारण एका रुमालात बांधलेले कागद बहुधा एकाच प्रकरणाचे असतात. हात धुऊन कोरडे करा. घडी करकरली तर जबरदस्तीने उघडू नका. सेलोटेप आणि लॅमिनेशन अजिबात नको, दोन्हींनी कागदाचं कायमचं नुकसान होतं. फोटो खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, शेजारी पट्टी ठेवून काढा आणि पुढचं सगळं वाचन त्या फोटोंवरूनच करा.

सुरुवात सर्वांत जुन्या कागदापासून करू नका. इंग्रजी अमदानीतले, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले कागद आधी घ्या, मग पेशवाई, शिवकाळ सगळ्यात शेवटी. मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली हात न उचलता लिहीत जातात, म्हणून शब्द एकमेकांना चिकटतात. ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं, विरामचिन्हं नसतात. प्रत्येक लेखकाचं वळणही वेगळं असतं. त्यामुळे गावाचं नाव, महिना असे ओळखीचे शब्द शोधून त्यांवरून त्या हाताचा अक्षरतक्ता बनवा.

प्रत्येक ओळ तीनदा लिहा: बाळबोधात, म्हणजे देवनागरीत, जशीच्या तशी, मग शब्द तोडून, मग आजच्या मराठीत. न लागलेल्या अक्षराच्या जागी चौकट ठेवा. अंदाजाने भरलेला शब्द पुढच्या ओळींचाही अर्थ वाकवतो.

सगळ्यात जास्त चुका तारखांत होतात. पेशवाईच्या कागदावर ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ असं साल दिसेल. हे अरबी आकडे आहेत, एकक आधी: २, ७०, १०० आणि १०००, म्हणजे ११७२. हा सुहूर सन. तो मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतो. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे हे साल १७७१-७२. नवखे लोक त्याला हिजरी समजतात आणि हिशोब साफ बिघडतो. फसगत होण्याचं कारणही उघड आहे: साल सौर असलं तरी शेजारचा महिना रजब, साबान, रमजान असा चांद्र असतो. नेमकी तारीख जंत्रीवरूनच, म्हणजे जुन्या तारखांच्या तयार तक्त्यावरूनच, काढा.

आकड्यांपुढच्या रेघाही जपून वाचा. ५। म्हणजे सव्वापाच, ५॥ साडेपाच, ५॥। पावणेसहा. शब्दाच्या संक्षेपानंतरही ॥ येतात, त्यांना अर्धा समजू नका. खंडीचे मण वीस, पण मणाचं वजन गावोगाव वेगळं. आजच्या किलोत रूपांतर करण्याची घाई नको.

महजर मिळाला तर तो सगळ्या गटाने एकत्र बसून वाचावा. गोतसभेच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या न्यायसभेच्या, या निवाड्यावर लिहिता न येणाऱ्यांनी सहीऐवजी आपल्या अवजाराची निशाणी काढलेली असते: कुणब्याचा नांगर, सुताराचा वाकस, चांभाराची रापी. पाऊण इंचाची ती आकृती कोणतं अवजार आहे, हे पुस्तकी माणसाला सांगता येत नाही. हातात ते धरलेला म्हातारा बघताक्षणी सांगतो, आणि निवाड्याला कोण-कोण हजर होतं ते कळतं. ओढा, बांध, थळ (शेताचा तुकडा) यांची नावंही अशीच लागतात. शक्य असेल तर कागद घेऊन शिवारात चालत जा.

बैठक दीड तासाची ठेवा, एका वेळी वीसेक ओळी पुरे. एकाने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी हटकावं. अर्थ लावण्यात मतभेद राहिले तर दोन्ही वाचनं नावानिशी नोंदवा, बहुमताने निकाल लावू नका. काम झालं की मूळ कागद घरच्यांच्या हाती द्या, सोबत मोठ्या टाइपातली एक छापील प्रत. दुसरी प्रत चौकटींसह गावच्या वाचनालयात लावा आणि खाली पेन्सिल बांधून ठेवा. राहिलेल्या जागा भरायला माणसं येतात.